बंदुकीसाठी सविनय अर्ज

दिनकर परचुरे यांनी बंदूक घ्यायचं ठरवलं ते एका मंगळवारी, जेवताना, वांग्याच्या भाजीचा दुसरा घास हातात असताना. ठरवलं म्हणजे ठरवलं. परचुऱ्यांच्या घराण्यात एकदा ठरलेलं कधी बदलत नाही. होत नाही, ही गोष्ट वेगळी.

२००३ सालचा जानेवारी होता. अमेरिका इराकवर कधी चढाई करणार याची तारीख कुवेतमधल्या प्रत्येक न्हाव्याला पक्की ठाऊक होती आणि प्रत्येकाची वेगळी होती. खैतानमधल्या परचुऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये लोक तांदळाची पोती, पाण्याच्या बाटल्या आणि खिडक्यांच्या फटींना लावायला चिकटपट्ट्या आणत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या राजाभाऊ किणीकरांनी तर विषारी वायूच्या भीतीने एक अख्खी खोली प्लॅस्टिकने अशी काही बंद केली, की आत शिरायला खुद्द त्यांनाच कात्री लागायची. दिनकररावांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. तांदूळ पुरणार किती दिवस? महिनाभर. मग पुढे काय, हे कोणी विचारतच नव्हतं.

"रायफल," ते म्हणाले. "जुन्या लष्करी साठ्यातली, स्वस्तातली. वेळ आलीच तर वाळवंटात जाऊन शिकार करता आली पाहिजे."

रेखा, म्हणजे त्यांची बायको, फरवानियाच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती. रोज पन्नास माणसांच्या दंडात सुई खुपसणाऱ्या बाईला सहसा धक्का बसत नाही. "अहो, चातुर्मासात कांद्याचं पातेलं वेगळं लागतं तुम्हाला," ती म्हणाली. "शिकार कसली करताय?"

"आपद्धर्म," दिनकरराव म्हणाले. चौदा वर्षांच्या अबोलीने ताटातून मान वर केली, "बाबा, यू कान्ट बी सीरियस" म्हणाली आणि पुन्हा ताटात घातली.

पण बाबा सीरियसच होते, आणि त्याला कारण होतं. नव्वद साली कुवेतवर आक्रमण झालं तेव्हा हे कुटुंब बसने बगदादमार्गे पळालं आणि जॉर्डनच्या सरहद्दीवर तंबूंच्या छावणीत अकरा दिवस अडकलं. अबोली तेव्हा एक वर्षाची. रोज ब्रेडचा ट्रक यायचा. दिनकरराव रोज रांगेत उभे राहायचे. अडचण एवढीच, की त्या रांगेत तेवढे एकटेच असायचे. बाकीचे हजार लोक सरळ ट्रकवर तुटून पडायचे. अकरा दिवस ते शिस्तीत उभे राहिले आणि अकरा दिवस रिकाम्या हाताने परत आले. रेखा पोरीला काखोटीला मारून गर्दीत घुसायची, कोपराने वाट काढायची आणि तिघांपुरतं घेऊन यायची. यावरून ती आजवर एका शब्दाने बोलली नव्हती. ती ते विसरलीही असेल. दिनकरराव विसरले नव्हते. बायकापोरांच्या तोंडात घास घालायची वेळ पुन्हा आली तर तो आपण घालायचा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी बारा वर्षांनी त्यांना बंदूक सुचली होती.

आता दिनकरराव हे रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. कोणतीही वस्तू घ्यायची म्हणजे तीन पर्याय, सात निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी तुलनात्मक तक्ता. मिक्सर घेताना हा तक्ता चार महिने चालला होता, आणि तो पूर्ण झाला त्या दिवशी रेखाने त्यांना त्याच मिक्सरमधली चटणी वाढली. तिने तो तीन महिन्यांपूर्वीच आणला होता. तरीही माणसाने शिस्त सोडू नये. त्यांनी ऑफिसच्या प्रिंटरवर अमेरिकन वेबसाइटींची चौसष्ट पानं छापली. अमेरिकेत म्हणे जगभरच्या लष्करांनी टाकून दिलेल्या रायफली भंगाराच्या भावात मिळतात आणि लोक त्या घेऊन जंगलात हरणं मारून खातात. छाननीत तीन उरल्या: एक रशियन, एक युगोस्लाव्ह आणि एक इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री, जी आपल्याकडे हवालदाराच्या खांद्यावर दिसते. निकष होते वजन, टिकाऊपणा, अचूकपणा, देखभाल, गोळ्यांची उपलब्धता आणि किंमत. सातवा रकाना रिकामा राहिला म्हणून त्यांनी तिथे 'पुनर्विक्री मूल्य' घातलं. नाशिकला कायमचं परत जाताना फ्रिज आणि सोफ्याबरोबर रायफलही कोणाला तरी द्यावी लागणार होती.

बातमी बिल्डिंगभर झाली. गुप्तता हा निकष तक्त्यात नव्हता.

राजाभाऊ त्याच संध्याकाळी आले. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात त्यांनी पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्या पाच गोळ्यांवर ते तीस वर्षं बोलत होते. "दिनकरराव, खरी मेख आहे श्वासात," ते सोफ्यावर पालथे पडून म्हणाले. "श्वास अर्धा घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि उरलेला रोखायचा." हे तीन अर्धे कसे होतात हे विचारायचं दिनकररावांना सुचलं नाही. शेजारच्या रत्नमाला सिस्टर मालवणच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, बंदूक कशाक? गळ घ्या. समुद्र धा मिनटांवर आसा." वाळवंटात मुळात मारण्यासारखं काय मिळतं, असंही त्यांनी विचारलं. राजाभाऊंनी माहिती पुरवली, की इथले लोक डब नावाचा एक प्राणी धरतात, म्हणजे आपली घोरपड, फक्त शेपटीला काटे. दिनकररावांचा चेहरा जरा उतरला, पण त्यांनी वहीत 'डब' असं लिहून घेतलं. गळाचा विचार केला नाही, कारण मासा तक्त्यात नव्हता.

पुढची पायरी परवान्याची. कंपनीत अब्बास नावाचा कुवेती मंदूब होता. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस. व्हिसा असो की लायसन्स, अब्बासशिवाय पान हलत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परचुरे, नो. परदेशी माणसाला रायफल नाही मिळत."

"असं कुठे लिहिलंय?" दिनकररावांनी विचारलं.

ज्या देशात सगळ्यांना जे ठाऊक असतं ते कोणी लिहून ठेवत नाही, तिथे हा माणूस लेखी मागत होता. पण परचुऱ्यांचं असंच आहे. लेखी नकार हातात पडेपर्यंत त्यांच्या मते तो होकारच असतो.

चोरून बंदूक घेणारे लोक जगात पुष्कळ आहेत. दिनकररावांनी अर्ज केला. युद्ध दाराशी आलेलं, शहराच्या चौकाचौकात चिलखती गाड्या उभ्या, आणि या गृहस्थांनी टाइप केलं: 'महोदय, देशातील अन्नपुरवठा कोलमडल्यास अर्जदार स्वतःच्या कुटुंबासाठी शिकार करू इच्छितो, तरी एक जुनी रायफल बाळगण्याची परवानगी मिळावी ही नम्र विनंती.' गृहखात्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, टायपिस्टाकडून त्यांनी त्याचं अरबी करून घेतलं. टायपिस्टाने एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि आपलं नाव कागदावर कुठेही येणार नाही याची आधी खात्री करून घेतली.

सोबत अकरा कागद होते. सिव्हिल आयडी, पासपोर्ट, पगाराचा दाखला, पाच फोटो, घराचा करारनामा, पत्नीचं ना-हरकत पत्र आणि तुलनात्मक तक्ता, रंगीत. रेखाने सही दिली ती अर्ज मंजूर होणं शक्य नाही या ठाम विश्वासावर.

चार नंबरच्या खिडकीने सातकडे पाठवलं. सात नंबरचा माणूस नमाजाला गेला होता. तो आला, त्याने कागद पाहिला, दिनकररावांना पाहिलं आणि "बुक्रा" म्हणाला, म्हणजे उद्या. उद्या त्याने दोन नंबरकडे पाठवलं आणि दोन नंबरने ही बाब वाहतूक खात्याची असल्याचं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी दिनकरराव पोच मागत आणि पिच्छा सुटावा म्हणून प्रत्येक जण शिक्का मारून देई. आठ दिवसांत अर्जावर सहा शिक्के झाले. इतका भारदस्त कागद त्या कचेरीत दुसरा नसावा. नवव्या दिवशी फोन आला की सोमवारी दहा वाजता कॅप्टनसाहेबांसमोर हजर व्हा.

"मंजूर झाला," दिनकरराव म्हणाले. टाय लावून आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन ते निघाले. अब्बासलाही बोलावणं होतं. गाडीत तो सारखा लाडवांकडे पाहत होता.

कॅप्टन तरुण होते, थकलेले होते आणि त्यांच्यासमोर ती फाइल होती. बाजूला आणखी दोघं साध्या कपड्यांत बसले होते.

"मिस्टर परचुरे," कॅप्टन सावकाश इंग्रजीत म्हणाले, "युद्ध तोंडावर आलेलं असताना एक परदेशी माणूस आम्हाला लेखी कळवतो की त्याला रायफल हवी आहे. सहा शिक्क्यांसह. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदा घडतंय."

"थँक यू, सर," दिनकरराव म्हणाले.

"आमच्या देशातलं अन्न संपेल असं वाटतं तुम्हाला?"

"संपेल असं नाही, सर. संपल्यास."

"आणि मारणार काय?"

"उपलब्धतेनुसार, सर."

कॅप्टननी खुर्चीला पाठ टेकली. "मांस कोणतं आवडतं तुम्हाला?"

इथे दुसरा कोणीही 'कोंबडी' असं म्हणून सुटला असता. पण सरकारी अधिकाऱ्यासमोर खोटं बोलणं दिनकररावांच्या रक्तात नव्हतं. "सर," ते म्हणाले, "मी शाकाहारी आहे."

अब्बासने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढलं. साध्या कपड्यांतला एक जण उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यातून त्याच्या खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला. कॅप्टन मात्र हसले नाहीत. त्यांनी तक्ता पुढे ओढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि लाल पेन उचललं. "रशियन रायफलला देखभालीचे सात? चूक आहे. नऊ पाहिजेत."

"पण मग सर, ती पहिली येते."

"येऊ दे. मिळणार कोणतीच नाहीये."

घरात एक गोळी जरी सापडली तरी आधी तुरुंग आणि मग विमान, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आपल्याकडे शस्त्र नाही आणि यापुढे नसेल, असं तीन प्रतींत लिहून घेतलं. लाडू ठेवून घेतले. दिनकररावांना एक प्रत मिळाली, शिक्क्यासकट. लेखी नकार अखेर हातात पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं.

ते बरं वाटणं जिन्यापर्यंत टिकलं. राजाभाऊंनी "या शिकारी, या" म्हणून स्वागत केलं. खालच्या बकाल्याच्या, म्हणजे किराण्याच्या, दुकानदाराने दुधाची पिशवी देताना 'एकट्याने गेला होतात की टोळी होती' अशी चौकशी केली. अबोलीने पालकसभेला फक्त आईने यावं असं सुचवलं, इंग्रजीत. दिनकरराव आठवडाभर लिफ्टऐवजी मागच्या जिन्याने जात-येत होते.

पण अब्बासने घरी सगळी हकीकत सांगितली होती, आणि त्याच्या वडिलांना हा इसम पाहायचा होता. हिवाळ्यात कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहतात. अब्बासच्या घरचा तंबू वफ्राच्या रस्त्याला होता. शुक्रवारी तो दिनकररावांना न्यायला आला. राजाभाऊ तांत्रिक सल्लागार म्हणून आपणहून गाडीत बसले.

म्हातारबुवा ऐंशीचे असतील. तरुणपणी खजुराच्या व्यापारात तीन वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे हिंदी फर्डी. तंबूच्या खांबाला त्यांची स्वतःची परवान्याची बंदूक टांगलेली होती, आणि ती थ्री-नॉट-थ्री निघाली. त्यांनी तिच्यात एकच गोळी भरली, तीस पावलांवर तुपाचा रिकामा डबा ठेवला आणि बंदूक दिनकररावांच्या हातात दिली. "सरकार का कागज नहीं देगा, मैं एक गोली देता है," ते म्हणाले. "मार."

"श्वास," राजाभाऊ मागून म्हणाले. "अर्धा."

दिनकररावांनी अर्धा घेतला, अर्धा सोडला आणि चाप ओढला. पुढचं त्यांना नीट आठवत नाही. ते वाळूत बसले होते, चष्मा छातीवर होता आणि उजवा खांदा दुसऱ्या कोणाचा तरी असावा असं वाटत होतं. तुपाचा डबा जिथल्या तिथे होता. पण त्याच्या डावीकडे बऱ्याच अंतरावर, चाकांच्या गाड्यावर, त्या छावणीतल्या पंचवीस माणसांची पाण्याची टाकी उभी होती, आणि तिच्यातून पाण्याची बोटभर जाड धार लागली होती. गोळी आरपार गेली होती, म्हणून पलीकडूनही लागली होती.

दिनकरराव धावले आणि त्यांनी भोकावर तळहात दाबला. पलीकडच्या भोकावर राजाभाऊ. टाकीला दोन्ही बाजूंनी मिठी मारून दोन मराठी गृहस्थ वाळवंटात उभे राहिले, आणि अब्बास भोकांना बुचं म्हणून तंबूच्या खुंट्या तासायला बसला. कोपरातून पाणी थेट बगलेत जात होतं. राजाभाऊ म्हणाले, "तुम्ही श्वास सोडलात."

म्हातारबुवा बुटकं स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले. ते रागावले नव्हते, आणि तेच दिनकररावांना सहन होत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "हाजीसाब, आप नाइन्टी में इधर ही थे. सात महिने. क्या शिकार किया?"

"कुछ नहीं. बंदूक रेत में गाड़ दिया था. सोल्जर देखता तो मेरा ही शिकार करता."

"फिर खाया क्या?"

"रोटी," म्हातारबुवा म्हणाले. "बेकरीवाला सब भाग गया था. मैं गया. घर में कभी पानी का गिलास नहीं उठाया था मैं. आटा गूंधना सीखा, पूरे मोहल्ले के वास्ते. पहला दस दिन ऐसा रोटी बनाया, कुत्ता सूंघके माफी मांगता था. बाद में अच्छा बना." त्यांनी भोकावरच्या हाताकडे पाहिलं. "तू क्या पका सकता है?"

दिनकररावांनी मनातल्या मनात सगळं शोधून पाहिलं. चहा? साखर कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. "कुछ नहीं," ते म्हणाले.

हे उत्तर त्यांना कॅप्टनच्या चौकशीपेक्षा, बकाल्याच्या थट्टेपेक्षा, खांद्यापेक्षाही जास्त लागलं. परतताना गाडीत त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. जॉर्डनच्या त्या ट्रकवरून ब्रेडऐवजी पिठाची पिशवी जरी पडली असती आणि ती त्यांनी पटकावली असती, तरी त्यांनी ती नेऊन रेखाच्याच हातात दिली असती आणि समोर मांडी घालून बसले असते. इतकी वर्षं आपण नुसतं आणून देण्याचाच विचार करत होतो याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मला पोळ्या शिकव," ते घरात शिरताच म्हणाले. रेखाने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तक्ता केलात तर शिकवणार नाही," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी कणीक कोपरापर्यंत चढली आणि नेमका फोन वाजला. तो रिसीव्हर पुढे आठवडाभर हाताला चिकटत होता. दुसऱ्या दिवशी पोळी लाटताना ओट्याला चिकटली आणि ती सुरीने खरवडून काढावी लागली. अबोलीने तिसऱ्या दिवशीची पोळी उजेडाकडे धरून पाहिली आणि "गॅस्केट" एवढंच म्हणाली. तिच्या नऊ वर्षांच्या धाकट्या भावाने, आशयने, ती निमूट खाल्ली, पण वर दोन ग्लास पाणी प्यायला. राजाभाऊंनी लाटण्यावर किती अंशात जोर द्यावा हे सांगितलं, तेव्हा दिनकररावांनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि ते एकदम कामाचं आठवून निघून गेले. फेब्रुवारी संपता संपता एक पोळी फुगली. ती फुगलेली पाहायला त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या, आणि सगळे येईपर्यंत ती जळली.

युद्ध वीस मार्चला सुरू झालं, गुरुवारी. दुपार व्हायच्या आत कुवेतवर पहिला भोंगा वाजला. रेखा पहाटेपासून हॉस्पिटलात होती; तिथे सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या. दिनकररावांनी दोन्ही पोरांना घेऊन राजाभाऊंच्या प्लॅस्टिकच्या खोलीत धाव घेतली. राजाभाऊंच्या पत्नी श्यामलावहिनी फेब्रुवारीतच पुण्याला गेल्या होत्या आणि आता खानावळीही बंद झाल्या होत्या, त्यामुळे राजाभाऊ दोन दिवस बिस्किटांवर होते. रात्रपाळी करून आलेल्या रत्नमाला सिस्टरही तिथेच बसल्या होत्या, पोटात काही नव्हतं. भोंगा थांबला. कात्रीने दार उघडलं.

"आता?" राजाभाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आता जेवायचं," दिनकरराव म्हणाले आणि खाली आपल्या घरी जाऊन त्यांनी कणीक भिजवली.

भोंगा झाला की गॅस बंद करून वर पळायचं, थांबला की खाली येऊन उरलेल्या लाटायच्या. असं तीनदा झालं. दोन पोळ्या त्या धावपळीत लांबट झाल्या. पण दुपार उलटेपर्यंत बटाट्याच्या भाजीबरोबर सव्वीस पोळ्या झाल्या आणि पाच माणसं पोटभर जेवली. राजाभाऊंनी सात खाल्ल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच कशावरही सल्ला दिला नाही. अबोली "बाबा, कॅन आय हॅव वन मोर?" म्हणाली, तेव्हा दिनकररावांनी मान फिरवली आणि तव्यावरची उलटली.

संध्याकाळी हॉस्पिटलची व्हॅन रेखाला सोडून गेली. सकाळपासून तिने बिस्किटसुद्धा खाल्लं नव्हतं. ती चपला न काढताच खुर्चीत बसली. दिनकररावांनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि बाजूला उभे राहिले. ती खाऊ लागली. दोन पोळ्या संपल्या. तिसरी तिने मागून घेतली. चौथीच्या वेळी तिने फक्त ताट पुढे केलं.

"मीठ जरा कमी पडलंय," शेवटी ती म्हणाली.

दिनकररावांनी मीठ आणून तिच्या ताटाशी ठेवलं.

"उद्या सकाळी सहाची ड्यूटी आहे," रेखा म्हणाली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्याकडे न पाहता विचारलं, "डबा द्याल?"

"किती पोळ्या?"

"चार. आणि सोबतच्या मुलींना पण दोन-दोन घाला, त्याही उपाशी असतात."

दिनकररावांनी हे कुठे लिहून घेतलं नाही. त्यांनी परात काढली.